वसतिगृहातल्या मुलांना मेनिंगोकोकलची लस द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

कॉलेजं सुरू होण्याच्या सुमारास माझ्या कोपरखैरण्याच्या दवाखान्यात परदेशी शिकायला निघालेली मुलं येतात. तिकडच्या विद्यापीठाचा फॉर्म पुढे करून मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकोकल जंतूवरची लस मागतात. ती महाग असते, तरी पालक कुरकुर न करता पैसे देतात. त्याच दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातली मुलं नेरूळ, बेलापूरच्या कॉलेजांत दाखल होतात. एका खोलीत चौघं, पाण्याची बाटली एकच. त्यांच्याकडे असला फॉर्म कोणी मागत नाही.

हा जंतू तरुणांच्या घशात सर्वाधिक सापडतो आणि बहुतेकांना काहीच करत नाही. एखाद्याच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, तर मात्र ताप, डोकेदुखी, मान आखडणं, अंगावर जांभळे चट्टे. पहिल्या काही तासांत हा आजार साध्या व्हायरल तापासारखाच दिसतो, आणि पावसाळ्यात आम्ही डॉक्टरही आधी डेंग्यू-मलेरियाचीच तपासणी लिहून देतो. रुग्ण 24 तासांत जाऊ शकतो. उपचार मिळूनही दहातला किमान एक दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींना कायमचं बहिरेपण येतं, काहींचे हातपाय कापावे लागतात.

आजार विरळा आहे, म्हणून तो सरसकट राष्ट्रीय लसीकरणात घ्या असं मी म्हणणार नाही. पण दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 साली त्याच्या साथी आल्या होत्या. ब्रिटनने 2015 पासून विद्यापीठात पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना लस द्यायला सुरुवात केली. आपलं सरकार हज यात्रेकरूंना ती देतंच, म्हणजे मुंब्रा-भिवंडीच्या यात्रेकरूंसाठी यंत्रणा आहे. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या जंतूच्या पाच गटांविरुद्धची लस 2024 मध्ये नायजेरियात पोचली. पुण्याहून नेरूळ त्याहून पुष्कळ जवळ आहे!

मागणी छोटी आहे. ठाणे जिल्ह्यातल्या समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना प्रवेशाच्या वेळी एक डोस मोफत द्या. खासगी वसतिगृहांसाठी महापालिकेने घाऊक दराने खरेदी करून लस उपलब्ध करावी. ही लस ‘बी’ गटाला रोखत नाही, तेव्हा ताप आणि मान आखडलेल्या मुलाला रेक्टरने रात्रीच रुग्णालयात न्यावं, सकाळची वाट पाहू नये, असा लेखी आदेशही सोबत काढा. त्याला तर पैसाही लागत नाही.

कळावे,
कोपरखैरण्यातील एक फॅमिली डॉक्टर