सूचना : ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे पासवर्ड आणि कार्ड

रावेर-सावदा भागातल्या आपल्या केळी उत्पादक गटाच्या सर्व सभासदांना रामराम.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल फाइल सापडली आहे. तीत चौघांचे बँकेचे पासवर्ड, एका कार्डाचा सीव्हीव्ही म्हणजे मागचा गुप्त नंबरसुद्धा! (नावच असं, की चोराला शोधायलाही नको.) संबंधितांनी आधी पासवर्ड बदलावेत. फाइल शनिवारी काढून टाकू, रिसायकल बिनमधूनही.

या कॉम्प्युटरवर ब्राउझरनं ‘सेव्ह करू का’ विचारलं तर नाहीच म्हणा. घरच्या लॅपटॉपवर कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या. बिटवॉर्डनचंही फुकटातलं खातं पुरतं. सगळे पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे दुसऱ्याला वाचता न येणाऱ्या रूपात राहतात, पाठ करायचा एकच लांबलचक मास्टर पासवर्ड. तो विसरलात तर कंपनीही उघडून देत नाही, म्हणून कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत, कपाटात ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या वेबसाइटना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्या टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा बदली कोड ठेवतात. मग आपण तरी का लिहून ठेवायचा?

खात्यातून पैसे गेलेच तर केळीविक्रीच्या पट्टीचा हिशेब लावत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा.

– सचिव