आठवण: रविवारी ‘शाळा’, पोरांना घेऊन या

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला, सात रस्त्याजवळच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये ‘शाळा’ हा चित्रपट दाखवतोय. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला. काळ 1975 चा, आणीबाणीचा. पण नववीतल्या मुकुंद जोशीचं सगळं लक्ष वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीकडे. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसून चकाट्या पिटणारी मुकुंद आणि त्याच्या मित्रांची चौकडी बघताना पोट धरून हसाल, आणि आपलाही मागचा बाक आठवेलच.

घरातल्या आठवी-नववीच्या पोरापोरींना आवर्जून आणा. क्लास एक दिवस बुडू दे, खरंच. मागच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा घरची एक चादर सोबत असू द्या. वेळेवर या, मधेच दार उघडलं की पडद्यावर उजेड येतो.