आधी नळीत काठी घालून बघणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी टपालाने पाठवता आलं असतं. पण जुन्या बंदुका जमवायला नुकतीच सुरुवात केलेले आपल्यातले आणखी काहीजण आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहितोय.

लिलावात घेतलेली पॅजेट कराबीन (घोडेस्वाराची आखूड बंदूक) गाडीत घालून मी बर्मिंगहॅमहून तुमच्याकडे आलो, तो रविवार आठवतोय ना? सोबतच्या चिठ्ठीवर विकणाऱ्याने ‘वॉटर्लू’ लिहिलं होतं. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललेलं. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट धरलेला ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह होता आणि मी नागपूरचा. कंपनीची नागपूरकर भोसल्यांशी झालेली सीताबर्डीची लढाई, २७ नोव्हेंबर १८१७ची सकाळ, कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मागोमाग दौडत गेलेलं ६वं बंगाल लाइट कॅव्हलरी... हे सगळं मी दारातच सांगून मोकळा झालो. तुम्ही ऐकून घेतलंत, एक बारीक काठी आणलीत आणि नळीत सोडलीत. तोंडाशी अंगठा धरून ती बाहेर काढलीत, नळीला बाहेरून लावून पाहिलीत. काठीचं टोक बरोबर कानापाशी, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकापाशी आलं. “रिकामी आहे. आता बोलू,” म्हणालात. दोनशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आजही एखाद्या नळीत तशीच असू शकते, हे तोवर मला कुणीही सांगितलं नव्हतं. विकणाऱ्यानेही नाही.

मग काकूंचा चहा येईपर्यंत तुम्ही मला ती बंदूक वाचायला शिकवलीत. नळी जेमतेम १६ इंच, कारण ती खोगिरावर बसून वापरायची. त्याच काळातल्या पायदळाच्या इंडिया पॅटर्न मस्केटची नळी ३९ इंच. दारू ठासायचा गज तोंडाशी फिरत्या कडीने अडकवलेला, म्हणजे घोडा उधळला तरी तो हातातून निसटून चिखलात पडणार नाही. डाव्या अंगाला लोखंडी दांडी आणि तिच्यावर सरकणारी कडी. स्वाराच्या खांद्यावरच्या पट्ट्याला कराबीन त्या कडीने लटकायची. हेन्री पॅजेटने वॉटर्लूला घोडदळाचं नेतृत्व केलं, तिथे त्याचा पाय गेला. म्हणून त्याच्या नावाच्या प्रत्येक बंदुकीला लोक वॉटर्लू चिकटवतात. “पण हा सिंह कंपनीचा. आणि कंपनीचं घोडदळ वॉटर्लूला नव्हतंच,” एवढ्या दोन वाक्यांत तुम्ही ती चिठ्ठी बाजूला ठेवलीत.

पुढचं सांगताना तुमचा आवाज हळू झाला होता. रंजकाची (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची) वाटी, गार धरणारा घोडा आणि ज्यावर गार आपटून ठिणगी पडते ते पोलादी पान, हे तिन्ही भाग नवे होते. १८४०च्या सुमारास हजारो चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुका केपाच्या, म्हणजे घोडा आपटताच पेटणाऱ्या मसाल्याच्या टोपीने उडणाऱ्या, करून घेतल्या गेल्या, त्यांतलीच माझी. नंतर कुणीतरी ती पुन्हा चकमकीची केली, कारण तशीला भाव जास्त येतो. भिंगातून तुम्ही मला बुजवलेलं भोक दाखवलंत, आणि कानाच्या भोवती केपाच्या मसाल्याने खाल्लेलं लोखंड. शेजारची नवी वाटी मात्र गुळगुळीत. सीताबर्डीचं विचारलं, तर दस्त्यावर, नळीवर, पितळेवर कुठेही पलटणीची खूण नव्हती. “खूण नाही तर लढाई नाही,” म्हणालात. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. खोटं बोलून मला खूश करणं तुम्हाला किती सोपं होतं, हे परतीच्या वाटेवर समजलं.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. फोटोंसकट दोन पानी टिपण लिहून दिलंत, त्यावर विकणाऱ्याने फरकाची रक्कम परत केली. तुम्ही माझ्याकडून एक पेनीही घेतली नाहीत. आणि मी पॉलिश पेपरने नळी चकाचक करायला निघालो होतो, तेव्हा हात धरलात. तो तपकिरी थर आणि त्याखालचे पुसट ठसे एकदा घासले की परत येत नाहीत. मऊ फडकं, थेंबभर तेल, वर पातळ मेणाचा हात. आजही तेवढंच करतो.

काका, बंदूक मी ठेवली आहे. तिला एक नवी चिठ्ठी बांधली आहे: ‘ईस्ट इंडिया कंपनी, पॅजेट नमुना. मूळ चकमकीची, नंतर केपाची. घोडा, वाटी, पान अलीकडचे. पलटण अज्ञात.’ माझ्यानंतर ती ज्याच्या हाती जाईल त्याला कुणी फसवू नये, एवढीच इच्छा. तुमच्यामुळे हे जमलं. मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात एक एलियट कराबीन लिलावाला येते आहे, नळी २८ इंच. बोली लावायच्या आधी ती तुमच्यासोबत पाहायची आहे. काठी मी आणतो.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
नागपूरचा पुतण्या, मुक्काम बर्मिंगहॅम