सुगरण, कावळा आणि ‘उपजत’ शहाणपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुगरणीचे घरटे हे बुद्धीचे नव्हे, तर निव्वळ उपजत प्रेरणेचे काम आहे, कारण ते तिला कोणी शिकवत नाही, असे मत आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतेच एका वाचकांनी मांडले होते. घरटे विणतो तो नर, ही दुरुस्ती किरकोळ आहे. पण ‘कोणी शिकवत नाही, म्हणून बुद्धी नाही’ हा निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो.

पावसाळ्यात हिप्परगा परिसरातील विहिरींवर झुकलेल्या बाभळींकडे थोडा वेळ थांबून पाहावे. नर गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, लांब पट्टी ओढून काढतो आणि ती पायाखाली दाबून फांदीला गाठवतो. अर्धे घरटे झाले की मादी ते तपासते आणि तिने नापसंत केले, तर ते बहुधा तसेच अर्धवट लोंबकळत राहते. निकोलस आणि एल्सी कोलियास या अमेरिकी दांपत्याने आफ्रिकेतील सुगरणींवर केलेल्या प्रयोगांत, वाढीच्या वयात ज्या नरांना हिरवी पाती मिळू दिली नव्हती, त्यांना पुढे पाती मिळूनही धड विणता आले नाही. म्हणजे विणण्याची ओढ जन्मजात असली तरी हात बसतो तो सरावानेच. मागावर आयुष्य काढलेल्या सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

कावळ्याचे उदाहरण तर अधिकच अडचणीचे आहे. आपल्याकडील कडक भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून, मऊ करून खाणारा हाच पक्षी कोकिळेचे अंडे आपले समजून उबवतो आणि त्यातून निघालेल्या पिलाला चारा भरवतो. त्याला हुशार म्हणावे की भोळा? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. अख्ख्या प्राण्यावर शिक्का मारण्याऐवजी त्याची एकेक कृती घ्यावी आणि परिस्थिती बदलली की ती कृती बदलते का, हे पाहावे.

अर्थात, उलट टोकाचा उत्साहही तितकाच बेतानेच घ्यायला हवा. ऑक्सफर्डमधील बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि त्याने खाद्याची छोटी बादली वर ओढली, ही 2002 सालची बातमी जगभर गाजली. पुढे 2016 मध्ये असे दिसून आले की, त्या जातीचे रानातले कावळेही हत्यार तयार करताना लवचीक काटक्या वाकवतात. बेटीचे कौतुक त्यामुळे संपत नाही, पण ‘क्षणात सुचलेली युक्ती’ हा दावा नक्कीच सैल पडतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींच्या आधारे ‘माणसासारखा विचार करणारा कुत्रा’ असे मथळे देताना वृत्तपत्रांनी (आपल्याही) एवढा संयम बाळगावा.

त्यापेक्षा आपण वाचकांकडून नोंदी मागवाव्यात, अशी विनंती आहे. आपल्या माळरानांवर टिटवी पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला अंड्यांपासून दूर नेते. कुत्रा आला तर ती काय करते, म्हैस आली तर काय करते आणि सोंग फसले तर पुढे काय करते, हे घरट्यापासून लांब उभे राहून कोणालाही टिपता येईल. जागेचा नेमका पत्ता मात्र छापू नये.

आपला,
एक वाचक, सोलापूर