मावशी, तुमची मिठाची बरणी अजून माझ्याकडेच आहे

मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल असं मी धरून चालले आहे. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बाई, त्यात काय एवढं" म्हणता, झाडू उचलता आणि विषय तिथेच संपतो. इथे झाडू उचलायची सोय नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगते. निफाड तालुक्यातल्या एका गावात मी बालवर्गाला शिकवते. २६ मुलं, वय ३ ते ५. मावशी आमच्या मदतनीस. मुलांची नाकं पुसण्यापासून खिचडी वाढण्यापर्यंत सगळं त्या बघतात, आणि दुपारी शाळा सुटली की द्राक्षबागेत कामाला जातात. डिसेंबरात आमच्याकडे 'हिवाळा' हा विषय होता आणि शनिवारी पालक चित्रं बघायला येणार होते.

मावशी, तो सोमवार तुम्हाला आठवत असेलच. मी मोबाईलवर बघून हिममानव करायचं ठरवलं होतं. निळा कार्डपेपर, त्यावर कापसाचे दोन गोल, केशरी कागदाचं लांब नाक. रात्री जागून नमुना केला, सकाळी मोठ्या उत्साहाने मुलांपुढे धरला. सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "गणपतीऽ!" चूक त्यांची नव्हती. पोट मोठं, नाक लांब, दुसरं कोण असणार? एकीने तर विचारलं, "बाई, कान कुठंयत?" मी बर्फ समजावून सांगायला गेले तर त्यांना यात्रेतला गोळा आठवला आणि कोणता रंग चांगला यावर भांडण लागलं. मग डिंक आला. पाच मिनिटांत कापूस कागदावर कमी आणि भुवयांवर जास्त होता. वर्गात पिंजारी बसून गेल्यासारखं दिसत होतं.

तुम्ही दारात उभ्या होतात. हसला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार. तुम्ही एवढंच विचारलंत, "बाई, हा बाबा आपल्या गावाला कधी आला व्हता?"

मला रागच आला होता, खरं सांगते. कारण प्रश्न बरोबर होता. निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला हे आम्ही चहासोबत वाचतो, पाच-सहा अंश म्हणजे आम्हाला फार नवलाचं नाही. एवढी थंडी दाराशी असताना मी मुलांना जी कोणीच पाहिली नाही ती थंडी शिकवत होते.

आणि मग तुम्ही कापूस गोळा करता करता बोलायला लागलात. रात्री द्राक्षांना पण थंडी वाजते, म्हणालात. मणी फुगायचे थांबतात, तडकतात. म्हणून मालक पहाटे बागेला पाणी सोडतो आणि ओळींच्या कडेला शेकोट्या पेटवतो, धूर बागेत कोंडून राहतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की हिरवे मणी गुलाबी पडतात, मग त्यांना बाजारात भाव नाही, म्हणून घडाघडाला पेपर गुंडाळायचा. "तुमाला आई कानटोपी घालती ना, तशी द्राक्षांना पेपरची टोपी." २६ मुलं गप्प बसून ऐकत होती. माझ्या हिममानवाला एवढी शांतता मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन आलात. एक जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, देव्हाऱ्यातल्या मेणबत्त्यांचे तुकडे, हळदीची पुडी, मिठाची बरणी. मी आणलेले चित्रकलेच्या वहीचे कागद तुम्ही चिमटीत धरून बघितलेत आणि म्हणालात, "ह्ये पाण्यानं फाटंल." पत्रिकेची मागची बाजू कोरी, जाड, पाणी झेलणारी. पुढच्या बाजूला गणपती असतो म्हणून कोणी त्या केरात टाकत नाही, घराघरात साठून राहतात. तुम्ही आधी कात्रीने सगळे गणपती कापून वेगळे काढलेत, विसर्जनाला न्यायला. म्हणजे शेवटी आमच्या हिवाळ्यात गणपती आलेच, फक्त कान असलेले.

आता ही रीत सविस्तर लिहिते, कारण त्या शनिवारनंतर किमान सहा आयांनी मला विचारली आहे, आणि श्रेय तुमचं आहे हे त्यांना कळायला हवं.

मेणबत्तीचा बोटाएवढा तुकडा घेऊन मुलांनी कोऱ्या कागदावर दाबून चित्र काढायचं. नांदूरमध्यमेश्वरला आमची सहल नुकतीच गेली होती, तिथे थंडीत दूरदूरचे पक्षी उतरतात, म्हणून बहुतेकांनी पक्षी काढले. पांढऱ्यावर पांढरं, दिसत काहीच नाही. दोघं रडायलाच आली, "माझं बदक हरवलं." मग निळा जलरंग पाण्यात पातळ करून रुंद ब्रशने सगळ्या कागदावर फिरवायचा. मेणावर पाणी थांबत नाही, रंग बाजूला पळतो आणि बदक पांढरंशुभ्र वर येतं. ज्याचं बदक हरवलं होतं त्याने मारलेली किंकाळी शेजारच्या वर्गापर्यंत गेली.

इथे माझी चूक सांगून टाकते. पहिल्या चार मुलांना मी पोस्टर रंग दाट दिला. त्याने मेणसुद्धा झाकलं गेलं, बदकं खरंच हरवली. तुम्ही वाटीत पाणी ओतलंत आणि म्हणालात, "हाटेलातल्या दुधासारखा करा." रंग किती पातळ हवा याचं याहून चांगलं माप मला अजून सापडलेलं नाही.

नंतर मीठ. कागद ओला चमकत असतानाच चिमूटभर टाकायचं. आधी टाकून उपयोग नाही, चमक गेल्यावर तर नाहीच, आणि पाण्याचं तळं साचलेलं असेल तर मीठ विरघळून जातं. दाणा भोवतालचं पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंग सरकतो आणि तिथे फिकट चांदणी उरते. जाड्या मिठाच्या चांदण्या मोठ्या, बारीक मिठाचे नुसते ठिपके, पहाटेच्या गवतावरच्या दवासारखे. पण तुम्ही मीठ कुणाच्या हातावर दिलं नाहीत. मिठावरून भांडणं होतात म्हणून वाटी खाली ठेवलीत. मी मनात हसले. पाचच मिनिटांत एका मुलीने हात झटकून भोकाड पसरलं. तिची बोटं थंडीने उलली होती, भेगांत मीठ चरचरलं. मला २६ हातांकडे बघायचं सुचलं नव्हतं. तुम्ही तिचे हात धुतलेत, खोबरेल लावलंत आणि तिला चमचा दिलात. मग सगळ्यांनाच चमचे दिले. कोणी हे घरी करणार असेल तर एवढं नक्की पाळा, आधी हात बघा.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. निळ्या रंगाला पैसे कशाला, कपड्याची नीळ आहे की, असं तुम्ही म्हणालात. मावशी, आपल्या वर्गात निम्म्या मुलांची बोटं तोंडात असतात. नीळ मी कपाटावर ठेवली ते बरंच केलं, याबाबत आजही माझं मत तेच आहे. तुमचा रुसवा दुपारपर्यंत टिकला.

बुधवारी धुकं होतं. रंग वाळेचना, मीठ आणखी ओलं होऊन चिकचिकीत. मी घाबरून मीठ झटकायला घेतलं आणि तुम्ही मनगट धरलंत. "राऊ द्या बाई." दोन चित्रांवर तोवर माझा हात फिरला होता, त्यांवर नुसते निळे ओरखडे उरले. बाकीची तुम्ही गुरुवारी ऊन आल्यावर ओट्यावर मांडलीत, कडेला पाटी घेऊन बसलात, कोंबड्या हाकलल्यात. बारा वाजता मुलांनी तळहाताने मीठ चोळून पाडलं आणि खाली धुक्यातली पहाट होती. ती माझ्याच्याने झाली नव्हती, हे मला त्या क्षणी नीट कळलं.

शेवटी शेकोटी. उरलेला हिममानवाचा कापूस काडीला गुंडाळून त्याची ब्रशं केलीत. हळद पाण्यात कालवून पिवळी ज्योत काढायची आणि ती ओलसर असतानाच दुसऱ्या काडीने खायच्या सोड्याचं पाणी लावायचं. पिवळ्याचं तांबूस होतं. हळदीचं कुंकू असंच क्षाराने लाल करतात, हे तुम्ही मला सांगितलंत. मी विज्ञान शाखेतून पदवी घेतली आहे. परीक्षेत हळदीच्या पट्टीवर दोन गुण मिळवले होते, पण कुंकवाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. मुलांना दोन्हीशी देणंघेणं नव्हतं. ती एकमेकांना सांगत होती, "माझी पेटली! तुझी पेटली का?"

शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मी भिंतीवर चित्रं लावत होते. खरं सांगू? हातात काळं स्केचपेन होतं. पालक येणार, मोठ्या बाई येणार, बदक बदकासारखं दिसायला हवं म्हणून चोची आणि डोळे काढून द्यावेत असं मनात होतं. एकाच्या चित्रात तर पक्षीच नव्हता, नुसता पेपरचा तुकडा चिकटवला होता, वेडावाकडा. तो मी काढून टाकणार होते. तुम्ही बादली ठेवून आलात, चित्राकडे बघितलंत आणि म्हणालात, "घडाला टोपी घातलीय त्यानं." त्याचे आई-वडील बागेत काम करतात. सोमवारी तुम्ही सांगितलेलं त्याने बरोबर लक्षात ठेवलं होतं, आणि ते मलाच वाचता आलं नाही. मी स्केचपेनचं टोपण लावलं. त्याबद्दलचे आभार सगळ्यात मोठे आहेत, मावशी, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र.

शनिवारी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या मुलाचे वडील मफलर हातात घेऊन त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. कोणी मला विचारलं, "कल्पना कुणाची?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं, पण तोवर तुम्ही चहाचे कप घेऊन आत गेला होतात.

आता एक काम. भिंतीवर ऊन येतं त्या बाजूच्या शेकोट्या फिकट पडल्या आहेत. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे आपल्या लक्षातच राहिलं नाही. काल धाकट्या गटातली एक जण येऊन मला म्हणाली, "बाई, विझायला लागली, लाकडं टाका." तर सोमवारी येताना थोडी हळद घेऊन या. सोडा माझ्याकडे आहे. तुमची बरणी मी आणतेच आहे. रिकामी नाही आणत, संक्रांत आहे, तिळाचे लाडू भरलेत. थोडे खारट लागले तर बरणी धुतली नव्हती असं समजा.

तुमची,
बालवर्गाची बाई