गच्चीवरचे ऊन कोणत्या आराखड्यात बसते?

महोदय,

शहरातून हवेत जाणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू कमी करण्यासाठी महानगरपालिकेने केलेल्या मुंबईच्या वातावरण कृती आराखड्यावरचा लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढे वायू सोडले तेवढेच शोषले जावेत यासाठी, देशाने 2070 हे साल ठरवले असताना मुंबईने 2050 चा वायदा केला, याचे लेखकाने मनापासून कौतुक केले आहे. उत्सर्जनात 2030 पर्यंत 30 टक्के कपात, 2040 पर्यंत 44 टक्के कपात आणि 2050 मध्ये निव्वळ शून्य ही उतरती भाजणी कागदावर शोभूनही दिसते. या हिशेबात आमच्या इमारतीची गच्ची धरली आहे की वगळली आहे, एवढेच मला विचारायचे आहे.

मार्च 2022 मध्ये आराखडा जाहीर झाला तेव्हा शहराच्या उत्सर्जनात 72 टक्के वाटा ऊर्जेचा असून त्यात इमारतींमधील विजेचा भार मोठा आहे, हे त्यात स्पष्ट केले होते आणि उपायांमध्ये गच्चीवरील सौरऊर्जेला मानाचे स्थान दिले होते. आमच्या संस्थेच्या खजिनदारांनी ते कात्रण वार्षिक सर्वसाधारण सभेत वाचून दाखवले. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीला, हात लावावा की लावू नये यावरून रीतसर भांडणे झाली, दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणे सोडले आणि अखेर आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्या विजेवर चालू लागले व सामाईक मीटरचे बिल निम्म्याहून खाली आले. भांडलेले सभासदही त्यानंतर बोलू लागले.

त्यानंतर दक्षिणेकडच्या शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाला. तीन मजली इमारतीच्या जागी तेवीस मजली टॉवर उभा राहिला. शेजाऱ्यांना मोठी घरे मिळाली याचा आम्हाला आनंदच आहे, आणि उद्या आमची इमारतही त्याच वाटेने जाणार हे मी नाकारत नाही. पण मुंबईतल्या उन्हाची तऱ्हा अशी आहे की जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आभाळ भरलेले असते, आणि दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ होते तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे ज्या महिन्यांत पॅनेलनी खरी कमाई करायची, नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या गच्चीवर टॉवरची सावली असते. आमच्याकडील एक निवृत्त ड्राफ्ट्समन रोज वर जाऊन चायना मोझॅकच्या लादीवर खडूने सावलीची कड आखतात आणि शेजारी तारीख व वेळ लिहितात. डिसेंबरात साडेदहाच्या सुमारास सावली पहिल्या ओळीला शिवते आणि पावणेतीनपर्यंत हलत नाही. आमची पॅनेल एकाच माळेत जोडलेली असल्याने काहींवर सावली आली तरी सगळ्या माळेचे उत्पादन घसरते. पाच वर्षांत वसूल व्हायचा खर्च आता कधी वसूल होईल, हे विचारण्याचे धाडस सभेत कोणी करत नाही.

टॉवरच्या विकासकाकडे आम्ही गेलो. त्यांच्या प्रतिनिधीने चहा दिला आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की, "काका, तुम्हीही पुनर्विकासाला या, तुमची गच्ची आमच्यापेक्षा उंच करून देऊ." त्यांच्या वास्तुविशारदांचे म्हणणे असे की बांधकाम परवानगीच्या वेळी चहूबाजूंची मोकळी जागा, अग्निशमन गाडीचा मार्ग आणि वाहनतळ यांची छाननी होते, शेजाऱ्याच्या गच्चीवरचे ऊन मात्र कोणत्याही रकान्यात येत नाही. मग आमच्यातल्याच एका वकील सभासदांनी 1882 चा सुविधाधिकार कायदा उघडला. त्यानुसार इमारतीला मिळणाऱ्या उजेडावर हक्क सांगायचा तर तो वीस वर्षे अखंड उपभोगलेला असावा लागतो. पॅनेलचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे. तेव्हा वीस वर्षे ऊन टिकवून दाखवावे आणि उरलेली पाच वर्षे हक्काने वीज वापरावी, असा त्याचा अर्थ आम्ही लावला आहे.

विनोद बाजूला ठेवू. महानगरपालिकेच्या विकास आराखड्याला आणि 2034 पर्यंतच्या विकास नियंत्रण नियमावलीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चा आधार आहे. चटईक्षेत्र किती आणि उंची किती, हे तेथे ठरते. वातावरण आराखड्याच्या पाठीशी असा कोणताही कायदा नाही, त्यामुळे या दोहोंचा सामना झाला की कोण माघार घेणार हे आधीच ठरलेले असते. त्यातून हा आराखडा जाहीर झाला त्याच्या आठवडाभर आधीच नगरसेवकांची मुदत संपली होती आणि पुढे कित्येक वर्षे सभागृहच नव्हते, तेव्हा तेथे उभे राहून याविषयी प्रश्न विचारणारेही कोणी उरले नाही. 2024 मध्ये नॉर्वेच्या ओस्लो शहराच्या धर्तीवर महानगरपालिकेच्या वातावरण अर्थसंकल्पाचा अहवालही निघाला आणि त्यात 10 हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चावर हवामानाच्या कामाची मोहर उमटली. पैसे मोजण्याची पद्धत ओस्लोहून आणता येते, तर एका गच्चीची सावली मोजणे अशक्य का असावे? आता तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान मिळते. सरकारने एका हाताने अनुदान द्यायचे आणि नियमावलीने दुसऱ्या हाताने ऊन काढून घ्यायचे, असा हा कारभार आहे.

आमची मागणी किरकोळ आहे. उंच इमारतीच्या परवानगीच्या अर्जासोबत वर्षभरातील सावलीचा नकाशा जोडणे सक्तीचे करावे. वास्तुविशारदांच्या संगणकावर तो सहज निघतो, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात कोणत्या सदनिकेत सकाळचे ऊन येते हे सांगताना तो काढलाही जातो. त्या सावलीत आधीपासून चालू असलेली सौर यंत्रणा येत असेल, तर विकासकाने तिची भरपाई द्यावी किंवा आपल्या गच्चीवर तेवढीच जागा द्यावी.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. याच आराखड्यात 20 टक्के उत्सर्जन वाहतुकीचे असल्याचे म्हटले आहे आणि लोकांनी सार्वजनिक वाहनाने फिरावे अशी अपेक्षा आहे. मे 2025 मध्ये बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये आणि वातानुकूलित बसचे 6 रुपयांवरून 12 रुपये झाले. भाडे दुप्पट केल्याने माणसे मोटारी सोडून बसकडे कशी वळतात, हे आपल्या लेखकांनी पुढच्या लेखात समजावून सांगितल्यास मी ते कात्रणही आमच्या वार्षिक सभेत वाचून दाखवीन.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव
मुलुंड (पूर्व), मुंबई