दहा पानांचा हिशेब

संपादक महोदय,

मित्राच्या वाढदिवसाला दहा जणांचं जेवण घरीच करायचं ठरलं की चौघांची कृती सरळ अडीचपट केली जाते. घोळ तिथेच होतो. मोठ्या, खोल पातेल्यात आटणारं पाणी त्या प्रमाणात वाढत नाही; मग रस्सा पातळ राहतो, भाताचा गिचका होतो. आधी हिशेबाच्या पाऊणपट पाणी घालावं, बाकीचं गरम करून हाताशी ठेवावं. कांदा दोन खेपांत परतावा. एकदम टाकला की पाणी सुटून तो नुसता शिजतो, रंग येत नाही. तिखट-मीठ दुप्पटच, पुढचं चव बघून. तांदूळ माणशी 75 ग्रॅम पुरे. (केक आधी कापणार असाल तर त्याहून कमी!) उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये टाकावा.

– एक वाचक